ठोक्याची नावं

शहागंजातल्या भांड्यांच्या दुकानात मी नव्याकोऱ्या स्टीलच्या ताटांची चळत पुढ्यात घेऊन बसले होते. दुकानदारानं मेंदी लावलेल्या दाढीवरून हात फिरवला, नावं टाकायचं मशीन प्लगात खोचलं आणि म्हणाला, "बोलो आपा, क्या क्या नाम डालने हैं?" मशीन घुरघुरलं, आणि घरून घोकत आलेली सगळी नावं माझ्या डोक्यातून पार पुसली गेली.

मी म्हटलं, "जरा थांबा, आठवते."

"आराम से याद करो. मैं नमाज पढ के आतूं," असं म्हणून तो मशीन बंद करून गेला.

दुकानात पितळ घासायला भिजवलेल्या चिंचेचा आंबूस वास होता. वर दोरीला चाळण्या, कडीचे डबे, पुरणयंत्रं लटकलेली. बाहेर रिक्षावाले एकमेकांना जागा मागत होते. हा वास मला लहानपणापासून ओळखीचा. पण त्या वेळी या बाजारात मी ताठ मानेनं यायचे, आणि आता डोक्यावरून ओढणी घेऊन, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून भिंतीकडं तोंड करून बसले होते.

सरळच सांगते, मी तिथं चोरी झाकायला बसले होते. माझ्या मायनं मिलकॉर्नरच्या मागं, आमच्या वस्तीत, आयुष्यभर खानावळ चालवली. त्या खानावळीची ताटं मी माझ्या जपानातल्या दुकानासाठी नेली होती, आणि ती आता राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी आश्विन पौर्णिमा होती. भिक्खूंचा वर्षावास संपतो, विहारात वंदना होते, आणि त्यानंतर मायच्या हातचं जेवून मोठी झालेली जुनी पोरं घरी जेवायला येणार होती. पोरं म्हणायचं आपलं, सगळ्यांना पेन्शन लागली आहे. त्यांना आपापल्या ताटात जेवायचं होतं. त्यातला पिशोरचा सुखदेव गेल्या साली वारला, तर त्याची बायको येणार होती. "त्याच्या ताटात एक घास खायचा म्हणती बिचारी," असं माय फोनवर म्हणाली होती. "बाकी काय आणू नको. ताटं तेवढी घिऊन ये."

आणि मी आल्या आल्या तिच्या तोंडावर सांगितलं, "पार्सलनं पाठवलीत माय. मागून येतायत."

खानावळीची रीत अशी होती. खेड्यातून शिकायला आलेला पोरगा आमच्याकडं जेवायचा, आणि त्याला नोकरी लागली की गाव सोडण्याआधी तो शहागंजात जाऊन एक ताट विकत घ्यायचा, त्यावर आपलं नाव टाकून आणायचा आणि आमच्या मांडणीत ठेवून जायचा. मागून येणाऱ्यानं त्यात जेवायचं. तलाठ्याच्या ताटात जेवून कुणी कंडक्टर झाला, कंडक्टरच्या ताटात जेवून कुणी मास्तर. "ताट ठिवलं का त्यानं?" असं वस्तीत कुणी विचारलं, की त्याचा अर्थ नोकरी लागली का, असा असायचा. ही रीत कुणी सुरू केली ते मायलाही सांगता यायचं नाही. नवा पोरगा पहिल्या दिवशी अंग चोरून पाटावर बसला की माय त्याला विचारायची, "कुणाच्या ताटात वाढू?" आणि तो मांडणीकडं बघत राहायचा.

तेव्हा नावं मशीननं टाकत नसत. याच बाजारात एक म्हातारा दुकानाच्या पायरीवर बसायचा. मांडीवर लाकडाचा ठोकळा, त्यावर ताट, एका हातात बारीक छिन्नी आणि दुसऱ्यात हातोडी. टक टक टक करून तो ठिपक्याला ठिपका लावत जायचा. असल्या नावाला आम्ही ठोक्याचं नाव म्हणायचो. नळाला पाणी आठ आठ दिवस यायचं नाही, म्हणून आम्ही ताटं राखेनं घासायचो. ती राख त्या ठिपक्यांत बसायची आणि नावं काळी कुळकुळीत दिसायची. ताट जितकं घासावं तितकं चकाकायचं आणि नाव जास्तच काळं व्हायचं.

ताटं घासायचं काम माझं. हिवाळ्यात सकाळी ते पाणी बोटांना चावायचं. मी कुरकुर केली की माय म्हणायची, "साहेब लोकांची ताटं हायेत ती, नीट घास." मी मनातल्या मनात त्या सगळ्या साहेबांना शिव्या घालायचे.

आमच्या घराला वर्षभराचे वास होते. थंडीत बाजरीची भाकरी आणि चुलीवरच्या वांग्याचा. उन्हाळ्यात परीक्षा असायच्या; पोरं कडुनिंबाखाली पुस्तक डोळ्यांपुढं धरून येरझाऱ्या घालायची, तो बारीक मोहर त्यांच्या केसांत पडायचा, आणि जेवायला आली की घरभर त्याचा कडवट गोड वास. पावसाळ्यात सरपण ओलं, मग रॉकेलचा स्टोव्ह. त्याच्या भणभणाटात कुणाला कुणाचं ऐकू जायचं नाही, वाढताना हातवारे करावे लागायचे. आणि हे आत्ताचे दिवस, आश्विनाचे, सीताफळांचे. दौलताबादचा प्रल्हाद दर सोमवारी किल्ल्याखालच्या त्यांच्या मळ्यातून टोपलंभर सीताफळं आणायचा. माय ती ज्वारीच्या कोठीत दडपून ठेवायची. दोन दिवसांनी कोठी उघडली की आधी वास बाहेर यायचा आणि मग मायचा हात. पोरांच्या थुंकलेल्या बिया दारापुढं पडायच्या. कुठं एखादं झाड उगवलं नाही, ती गोष्ट वेगळी.

उषा नावाची एकच मुलगी आमच्याकडं जेवायची, नर्सिंगला होती. ती मुलांच्या पंगतीत न बसता माझ्याशेजारी चुलीपाशी बसायची आणि मला हाडांची इंग्रजी नावं शिकवायची. तिनं ताट आणलं तेव्हा त्यावर नावाखाली एक फूल पण टाकून आणलं होतं. म्हाताऱ्यानं फुलाचे वेगळे पैसे घेतले नाहीत, म्हणून ती दोन दिवस खुशीत होती.

आणि सुखदेव. पिशोरहून आलेला, काटकुळा, भारी वादावादी करणारा. त्यानं मायला वाचायला शिकवलं. माय शाळेची पायरी चढलेली नव्हती. सुखदेव पाटी घेऊन आला, तर ही म्हणाली, "पाटी नको बाबा, बाया हसतील." तो तरी कुठला गप बसतोय. त्यानं मांडणीतलं एक ताट काढलं, मायचं बोट धरलं आणि ठिपक्यांवरून फिरवलं. "मावशी, ह्यो बघा द. दगडूचा द." रोज जेवणं उरकली की एक ताट. माय बोटानं अक्षर गिरवायची आणि ओठ हलवायची. वर्षभरात तिला सगळी ताटं वाचता यायला लागली. छापील कागद समोर धरला की मात्र ती गडबडायची. पेपरातलं तिला कधी जमलंच नाही. पण लाइट गेलेली असताना अंधारात मांडणीत हात घालून ती बरोबर हवं ते ताट काढायची, "हे घे, उषाचं." पोरं टाळ्या वाजवायची. मग सुखदेवला नोकरी लागली, आणि त्याच्या नावाचं ताट माय कुणाच्या मदतीशिवाय वाचू शकली. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

आता मायच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. माणसाची सावली तेवढी दिसते.

हे सगळं मला ठाऊक असताना मी ती ताटं नेली. माझा नवरा मिलिंद अजिंठा-वेरूळला जपानी पाहुण्यांना फिरवायचा. बोलून बोलून त्याला ती भाषा आली, भाषेनं ओळखी झाल्या, आणि आम्ही तिकडं ओकायामा नावाच्या गावात जाऊन पोहोचलो. काही वर्षं दुसऱ्याच्या हॉटेलात राबलो. मग आपलं दुकान काढायचं ठरलं. खानावळ तोवर मायच्या गुडघ्यांनी बंद पाडली होती. मी सुट्टीत आले आणि म्हटलं, "माय, ताटं पडूनच आहेत. मी नेऊ?"

माय मांडणीकडं तोंड करून बसली. मग म्हणाली, "ने. चार लोक जेवतील त्यात. पण तिथं नीट बस्तान बसलं की परत आणून ठिव." तिनं स्वतः एक एक ताट जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं. गुंडाळण्याआधी प्रत्येकावरून बोट फिरवत होती. मला विमानाच्या वजनाची घाई होती. मी म्हटलं, "दे इकडं, मी गुंडाळते पटापट."

परक्या देशात दुकान मांडायचं म्हणजे काय असतं, ते मांडल्यावर कळतं. तपासणीला आलेल्या बाईंनी हात धुवायचं बेसिन वेगळं आहे का ते पाहिलं, फ्रिजचं दार उघडून बघितलं, मोरीच्या जाळीत वाकून टॉर्च मारला. मिलिंदनं परवान्याच्या कागदावर सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारला. तिकडच्या रीतीप्रमाणं उघडण्याआधी आजूबाजूच्या दुकानांत वाकून काहीतरी देऊन यावं लागतं. मी घरी केलेला पोह्यांचा चिवडा छोट्या डब्यांत भरून दिला. शेजारच्या सायकलवाल्यानं तो सूपमध्ये टाकून खाल्ला आणि छान आहे म्हणाला. पहिल्या दिवशी मिरच्यांची फोडणी दिली तर वरच्या मजल्यावरची बाई रुमाल नाकाला लावून खाली आली. आम्ही दोघं तिच्यापुढं इतके वाकलो की कंबर धरली. मग धुरांडं उंच केलं, मिरची कमी केली, ज्वारी मिळेना म्हणून भाताबरोबर झुणका वाढायला लागलो. गल्ल्यासमोर एक लांब फळी आणि उंच स्टुलं, एवढंच दुकान. पावसाळी दुपारी काचेला वाफ धरायची आणि आत वरणाचा वास कोंडायचा. डोळे मिटले तर मी मिलकॉर्नरलाच असायचे.

मोरी-सान (सान म्हणजे आपलं राव) म्हणून एक म्हातारे गृहस्थ रोज यायचे, एकटेच. एकदा जेवण संपल्यावर त्यांनी ताटावरच्या ठिपक्यांवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय? मी सांगितलं, हे माणसाचं नाव आहे. यशवंत. हा माझ्या आईकडं जेवून मोठा साहेब झाला. मोरी-साननी ताटाला नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या विचारलं, "आज कोण?" मी ताट बघून सांगितलं, "आज प्रल्हाद. यांच्या मळ्यात सीताफळं आहेत." मग ते रोजचंच झालं. हळूहळू बाकीचे गिऱ्हाईकही विचारायला लागले. ऑफिसातल्या मुली म्हणायच्या, परीक्षा आहे, आम्हाला उषा-सान द्या. सुखदेव-सान आज आहेत का, असं विचारत कुणी दारातून आत डोकावायचं. मी हे मायला फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "सुखदेवला सांगते," म्हणाली. तिनं खरंच सांगितलं. तो पिशोरला सगळ्या गावात सांगत फिरला म्हणे.

एका ताटावर नाव नव्हतं. लग्नानंतर माहेरी यायचे तेव्हा आमच्या मांडणीत खालच्या ओळीत, खिडकीकडं, अगदी शेवटी दिसायचं ते. माझा समज असा की जुन्यातलंच एखादं असेल, मी गेल्यावर घासून घासून नाव झिजलं असेल. ते ताट समोर आलं की मोरी-सान हसून म्हणायचे, "आज कुणीच नाही." आणि मुकाट्यानं जेवायचे.

मग आमचं बरं चाललं. बरं चालणं हीच खरी गोची झाली. स्टेशनाजवळच्या नव्या इमारतीत मोठी जागा मिळाली. सजावट करणारा तरुण कागदावर सुंदर चित्रं काढून घेऊन आला. त्यात पांढऱ्या प्लेटा, पांढरे दिवे. ताटं बघून तो अतिशय नम्रपणे म्हणाला, यांवर ओरखडे आहेत. ते ओरखडे नाहीत, एवढं म्हणायला माझी जीभ का उचलली नाही, हे मी स्वतःला अजून विचारते. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. ताटं घरी नेऊ असं मनात होतं. उद्या नेऊ, परवा नेऊ. घर टीचभर, उद्घाटनाची धावपळ, जुनी जागा रिकामी करून द्यायची तारीख जवळ आलेली. शेवटच्या सकाळी भंगार नेणारा माणूस छोटी गाडी घेऊन आला. करपलेली पातेली, वाकडे झारे, फुटका कुकर, सगळं निळ्या क्रेटमध्ये होतं, आणि ताटंही. ती त्यात मीच ठेवली होती, दुसऱ्या कुणी नाही. त्यानं विचारलं, हे सगळं ना? मी हो म्हटलं. त्यानं टोपी काढून वाकून आभार मानले. मीही त्याच्याइतकंच वाकून त्याला निरोप दिला.

मोरी-सान नव्या दुकानात एकदाच आले. पांढरी प्लेट पुढं आली तेव्हा त्यांनी ती जरा उचलून खालून बघितली. जेवले, छान होतं म्हणाले, आणि परत आले नाहीत. मी त्यांची वाट बघितली. रोज दार सरकल्याचा आवाज आला की मान वर व्हायची.

दुकानदार नमाज पढून आला. "आया याद?"

आलं होतं. सीताफळाच्या वासासोबत प्रल्हाद आला, कडुनिंबासोबत यशवंत, हाडांच्या नावांसोबत उषा. मी एक एक सांगत गेले, तो मशीन फिरवत गेला. उषाच्या नावाखाली फूल काढायला सांगितलं. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं, बारीक, वळणदार. पण यातलं एकही नाव कुणी स्वतःहून टाकायला आलेलं नव्हतं. शेवटचं ताट उरलं.

"ये खाली?"

"ह्याचं नाव माहीत नाही," मी म्हटलं. "घरी विचारावं लागेल."

"हौ, बाद में लाओ. डाल देतूं."

संध्याकाळी घरी आले तेव्हा माय ओट्यावर बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. रिक्षातून ताटांचा खणखणाट ऐकून तिचं तोंड एकदम उजळलं. "आली का? दे, दे इकडं," म्हणत तिनं हात पदराला पुसले. मी चळत तिच्या मांडीशी ठेवली. तिनं वरचं ताट घेतलं आणि काठालगत बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग दुसरं घेतलं. मग तिसरं.

"ही कोरी हायेत," ती म्हणाली.

"नाही माय, नावं आहेत. ते सुखदेवचं आहे तुझ्या हातात."

"मला काय लागंना." तिनं तळहात चोळला, परत बोट फिरवलं. तव्यावर भाकरी उलटून उलटून तिच्या बोटांची कातडी जाड झालेली, पण ठोक्याचे ठिपके तिला जन्मभर लागायचे. "बोटं मेली का काय माझी?"

ती आपल्या बोटांना दोष द्यायला लागली, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी सांगितलं. ही नवी आहेत माय, आज मशीननं नावं टाकून आणली. जुनी गेली. भंगाराच्या गाडीत गेली, मीच घातली.

मायनं ताट खाली ठेवलं आणि परत शेंगा सोलायला घेतल्या. सोललेले दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत पडत होती. मी दोन्ही वेगळं करत बसले. दाणे निवडून झाले तेव्हा ती म्हणाली, "उद्या सुखदेवच्या बायकूला तूच सांग. म्या नाय सांगणार."

दुसऱ्या दिवशी वंदना झाल्यावर पाहुणे आले. प्रल्हाद काठी टेकत आला, सोबत सीताफळांचं टोपलं. उषाताईंचे केस पांढरेशुभ्र झालेत. ओट्यावर जयभीम, जयभीम चाललं, एकमेकांच्या पोटांवरून आणि टकलांवरून चेष्टा झाली. सुखदेवची बायको सगळ्यांच्या मागं होती. निळी साडी, हातात पिशवी. पंगत बसली आणि सगळे मांडणीकडं बघायला लागले.

मी उभी राहिले. बोलायचं ठरवलं होतं बरंच, पण तोंडून एवढंच निघालं, "तुमची ताटं माझ्याकडून गेली. मी ती तिकडं फेकून दिली. ही नवी आहेत, नावं मी टाकून आणलीत. मला माफ करा."

प्रल्हादनं घसा खाकरला. "असू दे बाई," तो म्हणाला, "जेवण तर मावशीचंच हाय न्हवं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. उषाताई आपल्या ताटावरचं फूल बघून कसनुशा हसल्या. त्यांचा हा समजूतदारपणा मला शिव्यांपेक्षा जड गेला. कुणीतरी फाडकन बोललं असतं तर बरं झालं असतं.

सुखदेवच्या बायकोनं नव्या ताटावरचं नाव वाचलं. ताट पालथं करून पाहिलं, परत सुलटं केलं. मग अलगद बाजूला ठेवून मला म्हणाली, "ह्याला त्यांचा हात लागलेला नाय ओ. मला पत्रावळच द्या." आवाजात राग नव्हता. मी पत्रावळ मांडली. तिनं पहिला घास घेतला आणि सावकाश चावत राहिली. मी तिच्या पत्रावळीत वाढायला तीनदा गेले, पण तिच्याकडं मान वर करून बघणं मला जमलं नाही.

दुपार कलली, माणसं गेली. अंगणात सीताफळाच्या बिया पडल्या होत्या. मी ताटं राखेनं घासली. घरात आता घासायची पावडर आहे, तरी राख शोधून आणली. मशीनच्या त्या बारीक रेघांत राख काही बसली नाही. मग माय मांडणीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "वाच एकेक. लावून ठिवू."

मी वाचत गेले, ती ज्याची त्याची जागा सांगत गेली. यशवंत वर, दाराकडं. उषा त्याच्या खाली. सुखदेवचं ताट तिनं जरा वेळ हातात धरून ठेवलं. शेवटी एक उरलं.

"ह्यावर काही नाही माय," मी म्हटलं. "ते नाव झिजलेलं होतं ना, खिडकीकडचं. कुणाचं होतं ते? सांग, मी उद्या टाकून आणते."

"झिजलेलं नव्हतं."

"मग?"

"नावच नव्हतं त्याच्यावर. कोरंच आणलं होतं म्या. तू लगीन होऊन गेलीस ना, तवा." माय खिडकीकडच्या त्या रिकाम्या जागेवरून हात फिरवत होती. "म्हटलं, समद्यांनी ठिवलं. हिचं बी असावं. आपल्या पायावर उभी राहिली की येऊन नाव टाकंल."

मी हातातल्या कोऱ्या ताटाकडं बघितलं.

"ते बी त्याच गाडीत गेलं का?" तिनं विचारलं.

"व्हय, माय."

तिनं हात पुढं केला. मी कोरं ताट तिच्या हातात दिलं. तिनं चाचपडत ते खिडकीकडच्या जागी उभं केलं, पडत तर नाही ना म्हणून एकदा हलवून पाहिलं, आणि गुडघ्यावर हात टेकत उठली.

"टाकायचं असंल तर ठोक्याचं टाक," ती म्हणाली. "मशीनचं मला लागत नाय."